दादाच्या घरापाशी वळलेला रस्ता

३ फेब्रुवारी
सहा गेल्या. सहाही परिचारिका. दिवसपाळी संपवून मिनीबसने घरी निघाल्या होत्या. बस कठडा तोडून खाली गेली — त्याच वळणावर! तीन वर्षांतला चौथा अपघात. जीव मात्र आजवर कुणाचा गेला नव्हता.

सचिव फोनवर म्हणाला, "साहेब, चालक वेगात होता असं म्हणूया?" मी म्हणालो, "बघा."

बायको जेवली नाही. वीस वर्षं तिने हीच नोकरी केली. सहांतली एक तिच्या हाताखाली शिकलेली. "पहिलं इंजेक्शन माझ्याच दंडावर दिलं हो तिने," एवढंच बोलली.

४ फेब्रुवारी
जागेवर जाऊन आलो. रस्त्याला नाव ठेवायला जागा नाही. काळाकुळकुळीत, गुळगुळीत. माझाच रस्ता.

गेलेल्या एका मुलीचा बाप भेटला. गवंडी आहे, त्याला रेघ कळते. म्हणाला, "साहेब, एवढा सुतासारखा रस्ता, मग मध्येच हा कोपर कशाला काढला?" मी म्हणालो, "चौकशी होईल."

त्याच्या खांद्यावरून दादाचं घर दिसत होतं. गच्चीवर कपडे वाळत होते.

६ फेब्रुवारी
इथे तरी लिहून टाकतो.

आराखड्यात रस्ता सरळच होता. दादाच्या स्वयंपाकघरातून जाणारा. दादा ऑफिसात आला, बसलासुद्धा नाही. "तुला शिकवायचं म्हणून मी शाळा सोडली. आजवर काही मागितलं नाही. घर तेवढं राहू दे." मी ओळंब्याला फोन लावला. ओळंबा म्हणजे आमचे मुख्य अभियंता — माणूस गवंड्याच्या ओळंब्याच्या दोरीइतका सरळ, म्हणून सगळं खातं त्यांना त्याच नावाने ओळखतं. म्हणालो, "जरा बघा ना, रेघ थोडी सरकते का."

"सरकेल, साहेब. पण वळण फार तीव्र होईल. माणसं मरतील."

मी म्हणालो, "पाट्या लावा."

लावल्या. तीन. चांगल्या मोठ्या.

९ फेब्रुवारी
वडील आज सारखे आठवतात. मैलकुली होते — एक मैल रस्ता त्यांच्या ताब्यात. खड्डा दिसला की त्याच दिवशी भरायचा, मग घरी यायचं. "माझ्या मैलात कुणाचं चाक अडकलं नाही," असं सांगताना छाती फुगायची. त्यांचं घमेलं डोक्यावर घेऊन मी पहिल्या सभेत उभा राहिलो. लोक खो खो हसले आणि मतं दिली. पाचदा दिली! मंत्री झालो, नऊ हजार किलोमीटर रस्ते केले. 'रस्तेवाले साहेब' झालो.

आता त्यातले त्या वळणाचे ऐंशी मीटरच तेवढे दिसतात.

१२ फेब्रुवारी
पक्षाध्यक्षांनी बोलावलं. "कुणाच्या तरी माथी मारावं लागेल. तुझ्या नको." फाइल पुढे सरकवली — ओळंब्याचं निलंबन. रेघ सरकवल्याच्या टिपणीवर त्यांची सही आहे. माझा फोन कागदावर कुठेच नाही.

सही केली. पेन आणायला विसरलो होतो, पक्षाध्यक्षांनी त्यांचं दिलं.

१३ फेब्रुवारी
कुणाला भेटलो नाही.

१५ फेब्रुवारी
ओळंब्याच्या केबिनमध्ये गेलो. टेबल आवरत होते. पट्ट्या, छत्री, एक जुना स्वेटर. निवृत्तीला पाच महिने उरलेले! मला खुर्ची दिली. म्हणाले, "चूक माझीच. तुमच्याकडून लेखी मागायला हवं होतं. तुमच्याकडे कसं मागायचं, म्हणून राहून गेलं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी
चौकशी समितीला पत्र लिहिलं. हाताने. फोन, दादाचं घर, ओळंब्याने दिलेला इशारा — सगळं. चारदा लिहिलं, तीन फाडली. चौथ्यावर सही करून कपाटात ठेवलं.

दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "लेखी काही नाही ना कुठे? मग आपणहून पायावर धोंडा कशाला पाडून घेतोस?"

२० फेब्रुवारी
आज साक्ष झाली. पत्र नेलंच नाही. तासाभरात तीन ग्लास पाणी प्यायलो. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "वळणाबाबत आपण काही सूचना दिली होती?"

"नाही."

एवढं सोपं असतं!

बाहेर बाकावर तो गवंडी बसला होता. मला पाहून उठला, हात जोडले. मला!

घरी बायकोने विचारलं, "काय सांगितलंत?" मी म्हणालो, "विचारलं ते." ती बघत राहिली. हाताबाहेर गेलेल्या रोग्याकडे बघतात तशी.

२१ फेब्रुवारी
पत्र फाडायला कपाट उघडलं. पुन्हा बंद केलं. तेवढंही जमत नाही. पाठवायची हिंमत नाही, फाडायचीही नाही. कसला माणूस आहे मी?

२३ फेब्रुवारी
कपाटात पत्र नाही. बायको म्हणाली, "सकाळी समितीच्या ऑफिसात नेऊन दिलं. पोच घेतली आहे." आणि समोर बसून भाजी निवडायला लागली.

तासाभरात सचिवाचा फोन. घाबरलेला. "साहेब, पत्र बनावट आहे म्हणून लगेच कळवतो. दहा मिनिटांत निवेदन जाईल. पाठवू ना?"

तिने मान वर केली नाही. हात मात्र थांबले.

मी म्हणालो, "नको. अक्षर माझंच आहे."