बिनवासाचा रंग

५ एप्रिल १९९८, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असलेली बरी.
काकासाहेब हायवेला एसी आईस्क्रीम पार्लर काढतायत. उद्घाटन अक्षय्य तृतीयेला. आतल्या मोठ्या भिंतीवर केबलच्या इंग्रजी गाण्यांत असतात तसली फुगीर, रंगीबेरंगी अक्षरं पाहिजेत. नाव त्यांना येत नव्हतं. हवेत बोट दाबून फुस्स करून दाखवलं. मी म्हणालो, त्याला ग्राफिटी म्हणतात. ते म्हणाले, काय बी म्हणा पेंटर, पण खोलीला खिडकी न्हाई, वास राहिला तर गिऱ्हाईक बसायचं न्हाई. जमत नसलं तर नगरचा एक जण कॉम्प्युटरवर कापलेले स्टिकर चिकटवून देतोय.
स्टिकर! बावीस वर्षं ब्रश धरलाय. एमआयडीसीतल्या निम्म्या बोर्डांवर खाली कोपऱ्यात ‘गोरख आर्ट्स, सुपा’ आहे. म्हणालो, जमतंय. बिनवासाचं करून देतो.
ग्राफिटी अजून केलेली नाही. पण अक्षर ते अक्षर.

७ एप्रिल, मंगळवार
पुण्याला जाऊन आलो. चार स्प्रेचे डबे. बाहेरून आलेला माल. वर इंग्रजीत लिहिलंय: लो ओडर, म्हणजे कमी वास, घरातल्या वापरासाठी. खाली बारीक अक्षरात, हवा खेळती ठेवा. आमच्या घरात हवा आहेच.
बायकोनं, चांगुणानं, पिशवी बघितली. गेल्या दिवाळीत तिचा दमा उफाळला, चार दिवस सलाईन लागली, तेव्हा मी शब्द दिला होता की घरात रंगाचा डबा उघडणार नाही. शब्द पाळतोच आहे. हा त्या अर्थानं रंग नाही. तसं तिला समजावलं. म्हणाली, बघा बाई तुमचं तुमीच.

९ एप्रिल, गुरुवार
अंगणात प्रॅक्टिस अशक्य. वारा सगळा फवारा शेजारी बनुबाईच्या कुरडयांवर नेतो. तिनं आरडाओरडा केला. शिवाय खरी टेस्ट बंद खोलीतच व्हायला पाहिजे. माजघराची उत्तरेची भिंत घेतली.
चांगुणा गिरणीत गेल्यावर सुरुवात. पार्लरचं नाव, ‘हिमगिरी’, लिहिलं. हि गलेलठ्ठ आला, म ओघळला. परदेशात मुद्दाम ओघळू देतात. शिरोरेघ मात्र दोरी धरूनच मारली. सवय जात नाही.
रंग झाल्यावर डोळे मिटून जोरात श्वास घेतला. काही नाही! टर्पेंटाइनचा नाही, थिनरचा नाही. साधं पाणी मारावं तसं. काय पुढे गेलेत हे लोक!
चांगुणा पीठ घेऊन आली आणि दारातच खोकायला लागली. पीठ उडालं असेल.

१२ एप्रिल, रविवार
दुसरा हात. गुलाबी आणि पिवळा. आता अक्षरं हलतात असं वाटतं.
दूध करपलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशीच बसलो होतो, कागदावर री काढत. बनुबाई तिच्या घरातून धावत आली. म्हणाली, अवो पेंटर, गल्लीभर वास सुटलाय आन तुमी हितं बसून काय करताय? एकदा कामात बुडालो की मला जगाचं भान राहत नाही. कलावंताचं असंच असतं.
तिला विचारलं, भिंतीचा वास येतो का? म्हणाली, डोकं धरतंय. तिचा राग कुरडयांचा आहे. तिचं मत धरत नाही.

१३ एप्रिल, सोमवार
उद्या जयंती. कमानीचा बोर्ड दिला. मंडळाची पोरं खूश.
चांगुणा चार दिवस ओट्यावर झोपते. म्हणते, आत गरम होतं. एप्रिलच आहे.

१७ एप्रिल, शुक्रवार. दुपारी २
आज निकाल लागेल. विचार असा: माझं नाक, बनुबाईचं नाक, यानं काही सिद्ध होत नाही. खरी परीक्षा म्हणजे चांगुणा. तिला त्रास झाला नाही तर जगात कुणालाच होणार नाही. तिला सांगायचं नाही, नाहीतर ती मनानंच खोकायला लागेल. ताजा हात मारलाय. खिडकीच्या फटीत पेपर कोंबलेत. तिला म्हणालो, बाहेर ऊन आहे, आत बसून तांदूळ निवड. मी दार ओढून बाहेर घड्याळ घेऊन बसतो.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६, नगर, सरकारी दवाखाना
दहा मिनिटं काही नाही. अकराव्या मिनिटाला परात पडल्याचा आवाज. दार उघडलं तर ती भिंतीला धरून उभी. ओठ निळे. बोलता येईना. बनुबाईच्या मुलाच्या टेम्पोत घालून आणलं. रस्ताभर तिची छाती वाजत होती आणि मी आपला सारखा म्हणतोय, झालं, आलं नगर, आलं.
ऑक्सिजन लावलाय.
भीती वाटली. खरं लिहितो, फार भीती वाटली.

१८ एप्रिल, शनिवार
थोडी बरी. पाणी प्यायली.
सध्या सगळीकडे मळणीची मशिनं चालू आहेत. गव्हाची धूळ फार वाईट. डॉक्टरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या बायकोच्या अंगाला रंगाचा वास येतोय. मी म्हणालो, तो रंग बिनवासाचा आहे. त्यांनी कापसाचा बोळा माझ्या नाकाखाली धरला. हे काय आहे? म्हणालो, पाण्याचा बोळा. ते स्पिरिट होतं.
किती वर्षं रंगकाम करता, म्हणाले. बावीस, म्हणालो. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.
मला सर्दी झाली असावी.

२१ एप्रिल, मंगळवार
सासूबाई, केशरबाई, नेवाशाहून आल्या आणि चांगुणाला दवाखान्यातूनच घेऊन गेल्या. चांगुणानं एवढंच सांगितलं, की घरातला वास जाईस्तोवर मी येत न्हाई. ते म्हणताना रडली. मग मलाही आवरेना.
घरी येऊन तपासणी केली. कांदा कापला: डोळ्यांतून पाणी, वास नाही. उदबत्ती: नाही. रॉकेल: नाही. हिंगाची डबी पालथी केली: नाही. हल्ली हिंगात भेसळ फार.
रॉकेलमध्येही असणार.

२७ एप्रिल, सोमवार
कामातून माघार घेणं बरं दिसत नाही. शब्द दिलाय. चांगुणाचा आजार वेगळा, पार्लर वेगळं. दोन दिवसांत अख्खी भिंत काढली. अप्रतिम. काकासाहेब नाकाला रुमाल लावून आले आणि रुमाल लावूनच गेले. त्यांना धुळीची अॅलर्जी दिसते.

२९ एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया
नारळ फुटला. एसी लावून दार बंद केलं. पाहुणे पहिला चमचा तोंडात घेऊन थांबले. एक बाई म्हणाली, आईस्क्रीमला थिनर लागलंय काय? पाच मिनिटांत सगळे हायवेवर उभे. कप हातात, उन्हात वितळत.
काकासाहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. जवळ येऊन हळूच म्हणाले, पेंटर, तुमाला खरंच येत न्हाई का वास?
मी म्हणालो, न्हाई.
पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

३ मे, रविवार
हिमगिरीच्या भिंतीवर स्टिकर लागले. सगळी अक्षरं सारखी, मेल्यासारखी. कोपऱ्यात कुणाची सही नाही.
बघायला गेलो होतो असं नाही. रस्ता तिकडूनच जातो.

१० मे, रविवार
या आठवड्यात माजघराची भिंत पत्र्यानं खरवडली. हिमगिरी निघता निघत नव्हता. वर चुन्याचे तीन हात. जमीन शेणानं सारवली. गाद्या तीन दिवस उन्हात. कापूर जाळला. डबे गावाबाहेर पुरून आलो.
वास गेला का? कसं कळणार? बनुबाईला बोलवायचं म्हणजे मान खाली घालणं आलं. पण घातली. ती म्हणाली, अजून हाय थोडा. आज परत बोलावलं, तेव्हा म्हणाली, आता चुन्याचाच येतोय.
चांगुणाला पत्र टाकलं. वास गेला, असं लिहिलं. मग खोडलं. बनुबाई म्हणते वास गेला, असं लिहिलं.

२० मे, बुधवार
नेवाशाहून उत्तर. अक्षर चांगुणाचं. आई येऊन बघेल, ती म्हणाली तर मी येईन. जेवता ना वेळेवर, असंही खाली लिहिलंय.
तीन वेळा वाचलं. चौथ्यांदाही.
आजपासून रोज दोनदा चुलीपासून ओट्यापर्यंत घर पुसणार.

२४ मे, रविवार
सासूबाई बाराच्या एसटीनं आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. पदर नाकाला लावून दारात उभ्या राहिल्या. मग पदर काढला आणि कामाला लागल्या. चुन्याच्या भिंतीला नाक लावलं. कोपरे हुंगले. ट्रंक उघडून चांगुणाच्या साड्या, एकेक घडी नाकाशी धरली. गाद्या, चादरी, परात, फडताळ. पाऊण तास. मी मागे मागे, श्वास धरून.
शेवटी म्हणाल्या, घरात न्हाई वास. भित बी चांगली झालीय.
माझे डोळेच भरले. म्हणालो, मग मी आत्ताच येतो तुमच्याबरोबर, तिला घेऊनच येतो. धुतलेला सदरा घातला, पिशवी उचलली, त्यांच्या पाया पडायला वाकलो.
त्या मागे सरकल्या. पदर परत नाकाला.
म्हणाल्या, जावयबापू, राग मानू नका. वास तुमचा येतोय. कपड्याला न्हाई, अंगालाच. चांगुणा म्हनती, लगीन झाल्यापासून येतोय.
अठरा वर्षं झाली लग्नाला. ती रात्री पलीकडे तोंड करून झोपते. मला वाटायचं, सवय असेल.
साडेचारची एसटी होती. सासूबाईंना स्टँडपर्यंत सोडायला गेलो. दहा पावलं मागून. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे वाहायला लागला, तेव्हा रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चाललो.