हात वर जाईल असं चिलखत

आबा, मला पत्र लिहायची सवय न्हाय. सातवीनंतर हातात पेन आला तो सही करायपुरता, ती बी दवाखान्याच्या कागदावर. पण गेल्या महिन्यात जे झालं ते तुमाला सांगितल्याबगर जिवाला चैन पडंना. ह्यांना सांगावं तर हे हसतात, आईला सांगावं तर ती रडाया लागती. तुमी असता तर ओठात बारकं खिळं धरून गप ऐकून घेतलं असतं, आन सगळं झाल्यावर एकच काहीतरी बोलला असता.

तुमी गेला तवा मी पंधरा वर्षांची व्हते, आता अठ्ठावीसची हाय. लग्न होऊन कोऱ्हाळ्याला आले. हे दुधाच्या टेम्पोवर हायत, माणूस चांगला हाय. एक पोरगी हाय आमाला, आठ वर्षांची, तिसरीत जाती. तिचं कपाळ तुमच्यासारखं रुंद हाय. तुमी तिला बघितलं न्हाय, म्हणून हे बी सांगाया पायजे की तिच्या काळजाला जन्माचं भोक व्हतं. अडीच वर्षांची असताना पुण्याला ऑपरेशन झालं. छातीच्या मधोमध वीतभर शिवण हाय. तुमच्या गाड्यांच्या सीटा शिवायच्या दुकानात मी कितीतरी शिवणी बघितल्या, उसवल्या, परत घातल्या, पण त्या शिवणीकडं मला पहिलं वर्षभर नीट बघवलं न्हाय. आंघोळ घालताना मी तोंड फिरवून पाणी वतायची.

आता ती बरी हाय. बारामतीचे डॉक्टर दर खेपंला सांगतात, "ताई, पोरगी ठणठणीत आहे, खेळू द्या, पळू द्या." मी व्हय व्हय म्हणते आन घरी आले की तिला खाटंवर बसवते. दिवसातनं धा वेळा तिची नखं बघते, निळी पडली का म्हणून. शाळंत सांगून ठेवलंय, हिला खोखोत घेऊ नका. सगळी म्हणतात, लई भित्री बाई हाय. हायच मी भित्री. पोटच्या पोरीची निळी नखं बघितल्यावर धीट कसं व्हायचं, ते मला कुणी शिकवलं न्हाय.

तर शाळंचं गॅदरिंग आलं. बाईंनी एक बारकं नाटक बसवलं. त्यात तीन सैनिक आकाशातल्या दुसऱ्या कुठल्यातरी ग्रहावरनं येतात आन गावातल्या पोरांना राक्षसापासनं सोडवतात. आमची त्यातली एक सैनिक. सैनिक म्हणजे साधा न्हाय, अंगभर चिलखत, गुडघ्याला ढाली, डोक्याला काचंचा टोप. तिनं मला मोबाईलवर एक पोरगा दाखवला, तो फोमच्या तुकड्यांचं तसलंच चिलखत करत बसला व्हता. मी बघाया लागले आन बघतच राहिले. आबा, तो फोम कापत व्हता, दोन्ही बाजूंना चिकटवायचं सोलुशन लावत व्हता, दाबत व्हता. त्यातलं मला सगळं येत व्हतं. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "ह्यानं घाई केली. सोलुशन वाळलं न्हाय अजून, निघंल ते." आन जरा वेळानं त्याचा खांदा खरंच निघून आला. पोरगी मोबाईल सोडून माझ्याकडं बघाया लागली. म्हणली, "आई, तुला येतं व्हय हे?" तिनं तसं माझ्याकडं आजवर कधी बघितलं नव्हतं.

इंदापूरला यष्टी स्टँडच्या मागं आपलं पत्र्याचं दुकान. शाळा सुटली की मी तितंच. ट्रॅक्टरची सीट उलटी पडलीय, मी खिळं उपटतीय, तुमी रेक्झिनवर खडूनं रेघ मारताय. सोलुशनच्या वासानं डोकं जड झालंय. मी चिकटवायची घाई करते आन तुमी माझा हात धरता. "बोट लाव. चिकटलं का?" "व्हय." "मंग थांब. बोटाला चिकटायचं थांबलं की मंग ते एकमेकाला चिकटतं." एवढं सांगून तुमी चहा सांगायचा. मला तवा वाटायचं, तुमाला चहा प्यायचा असतो म्हणून थांबायला सांगताय.

आन ती दोन डावी कापायची गोष्ट. एका सीटच्या दोन बाजू कापायला तुमी पहिल्यांदा माझ्याकडं दिल्या. मी एक कापली, ती मापाला ठेवून दुसरी बी तशीच कापली. उलटी करून ठेवायची असती ते डोक्यात आलं न्हाय. दोन्ही डाव्याच झाल्या. नवंकोरं रेक्झिन वाया गेलं. गिऱ्हाईक दारात उभं. मला वाटलं आता कानाखाली बसती. तुमी दोन्ही तुकडं हातात घेतलं, माझ्या पायाकडं बघितलं आन म्हणाला, "दोन डाव्या चपला घालून कुठं निघाली गं तू?" गिऱ्हाईक बी हसलं, मी बी हसले, मंग रडले. दुसऱ्या दिवशी तुमी मला माझी सोताची कात्री दिली. तुमची जुनीच, पण मुठीला रेक्झिनची पट्टी गुंडाळून माझ्या बोटापुरती बारीक केलेली. चुकल्यावर बक्षीस देणारा माणूस मी परत बघितला न्हाय.

मी चिलखताला लागले. पोरांच्या खाली अंथरतात ती जाड फोमची चटई बारामतीतनं आणली. वर्तमानपत्राची मापं काढली, प्रत्येकावर "डा" आन "उ" लिहिलं, आन आबा, एवढं लिहून बी गुडघ्याच्या ढाली दोन्ही डाव्याच कापल्या. एकटीच हसत बसले. खांद्याला गोलाई आणायची तर फोम गरम करावा लागतो. तवा तापवला, त्याच्यावर वीतभर अंतरानं फोम धरला, मऊ पडला की तांब्यावर दाबून गार व्हईस्तवर धरून बसायचं. सासूबाई परातीत पीठ घेऊन उभ्या. म्हणल्या, "खांदा उतरला की सांग, मंग भाकरी टाकते." टोपाची काच ह्यांच्या जुन्या हेल्मेटची घेतली. हे म्हणाले, "उद्या पोलिसानं धरलं तर काय सांगू? हेल्मेट दुसऱ्या ग्रहावर गेलंय?" पांढऱ्या गोंदाचं दोन हात दिलं, ट्रॅक्टरच्या रिंगंला मारतात तो चंदेरी रंग मारला. उन्हात वाळत घातलं तर आळीतली पोरं बघाया जमली. माझ्या हाताचं काही बघाया कुणी जमलंय, असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं.

पहिल्यांदा अंगावर घातलं तवा पोरगी लई देखणी दिसली. निस्ती उभी व्हती, तरी अंगणात उजेड पडल्यावानी. मंग म्हणली, "आई, हात वर जात न्हाय."

"वर कशाला न्यायचाय?"

"राक्षसाला मारायचं हाय. आन शेवटी आमी तिघी पळत येतो."

"तू चालत ये. मी बोललेय बाईंशी."

टोपाच्या काचंतनं तिचं डोळं दिसत नव्हतं. आतनं आवाज आला, "मग सैनिक कशाला केलंस? मला विजेचा खांब कर. नुसती उभी राहते."

हे म्हणाले, काखंत जरा आवळलंय का? मी म्हणलं, व्हय, माप चुकलं वाटतं. आबा, तुमालाच सांगते. माप चुकलं नव्हतं. छातीवर मी फोमचं दोन थर दिलं व्हतं, कुणाचा धक्का त्या शिवणीला लागू नये म्हणून. तिथवर ठीक. पण पट्टं मी जाणून चार बोटं आखूड कापलं व्हतं. काखंतला फोम जाणून वरपर्यंत ठेवला व्हता. म्हणलं, हालता आलं न्हाय तर दमणार न्हाय. स्टेजवर जाईल, दिसंल चांगली, उभी राहील आन माझ्याकडं परत येईल. मीच कापलं, मीच चिकटवलं, अगदी सोलुशन वाळायची वाट बघून.

ती चिलखत काढून न जेवता बसली. मी ते मांडीवर घेऊन चुलीपाशी बसले आन मला कळंबचा तो डायवर आठवला. जाडजूड, मिशीवाला. त्याच्या ट्रॅक्टरची सीट तुमी दोन दिवस खपून केली व्हती, दोन्ही अंगाला उंच गादी, मऊ. तो बसला आन खूश झाला. "आबा, गादी तर नवरदेवाची केली की!" तुमी म्हणाला, "मागं वळा." तो म्हणाला, "का, कोण आलंय मागं?" "नांगर हाय मागं. वळा." त्याला वळता येईना. बाजूची गादी कमरंला आडवी यायची. तुमी त्याला उतरवला, सीट उलटी केली आन खिळं उपटाया लागला. तो म्हणतोय, "आवं ऱ्हाऊ द्या, मला आवडलीय." तुमी मान वर न करता म्हणाला, "तुमाला बसून आवडलीय. काम काय बसून व्हतंय?" मी तवा तुमच्यावर चिडले व्हते. गिऱ्हाईक खूश, मंग दोन दिवसांचं काम कशाला मोडायचं? तुमी मला म्हणाला, "वळता आलं न्हाय तर तो चालता ट्रॅक्टर सोडून उभा राहून बघंल. आन एक दिवस खाली जाईल. गादी त्याला जपाया केली, आन तीच त्याला पाडंल."

चुलीपाशी बसून मी ते वाक्य ऐकलं. खरं सांगते, तुमच्याच आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं उसवलं. काखंत अर्ध्या चंद्रावानी कापून काढलं. छातीचा एक थर सोलला. तो सोलताना कटर दोनदा वाकडा गेला. पट्टं नवं, लांब लावलं. मंग पोरीला अंगणात उभी केली, तुमी गिऱ्हाइकाला करायचा तशी. "हात वर कर. खाली बस. वाक. मागं वळ."

"मागं कशाला?"

"नांगर हाय मागं."

ती हसाया लागली. तिला काय कळलं देव जाणं. ती वळली, सहज वळली. आता एकच राहिलं व्हतं. मी नवं पट्टं परत एकदा ओढून बघितलं. मंग म्हणलं, "पळ."

ती माझ्याकडं बघत राहिली, चेष्टा करतीय का ते बघाया. मी परत म्हणलं. मंग ती पळाली. अंगणातनं गोठ्यापर्यंत, गोठ्याला शिवून परत. आबा, माझी पोरगी कशी पळती ते मी आठ वर्षांत नीट बघितलं नव्हतं. पाय जरा बाहेर टाकती, कोंबडीच्या मागं लागल्यावानी. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. ती परत आली, धापा टाकत, टोप काखंत. मी तिचा हात धरायच्या आत तिनंच दोन्ही हात माझ्या तोंडापुढं धरलं. "गुलाबी हायत. मी बघितली."

गॅदरिंग झालं. ती शेवटी पळत आली, हात वर करून, आन राक्षसावर धावताना डावा खांदा सुटून लोंबाया लागला. माणसं हसली. तिनं तो तसाच उपटला आन राक्षसाच्या डोक्यात हाणला. मंडपात एवढी शिट्टी वाजली म्हणून सांगू. बाईंनी नंतर विचारलं, ते नाटकात व्हतं का? पोरगी म्हणली, व्हय. त्या खांद्याला मी घाई केली व्हती, आबा. तेवढं तुमी ओळखलं असतं.

आता शाळंतल्या दोघी-तिघींच्या आया घरी येऊन गेल्या, आमाला बी करून द्या म्हणतात. हे म्हणतात, शिलाई मशिन बाहेर काढूया. बघते. तुमचं दुकान गेलं तवा मला वाटलं व्हतं, माझ्याकडं तुमचं काहीच राहिलं न्हाय. लोकांच्या बापानं जमीन ठेवली, घर ठेवलं. तुमी मला थांबायला शिकवलं आन बसवून बघायला शिकवलं. ते मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं, म्हणून आभार मानायचं राहिलं. आज मानते.

हे पत्र मी कुठं टाकणार न्हाय. कुणाला वाचून बी दाखवणार न्हाय, कारण हे अजून समजतात की माप चुकलं व्हतं, आन पोरगीला बी मी तसंच सांगितलंय. ती मोठी झाली की सांगीन म्हणते, पण धाडस व्हईल का ठाऊक न्हाय. आन तुमाला वाटंल मी आता लई धीट झाले, तर तसं काही झालं न्हाय. आज सकाळी ती दप्तर घेऊन शाळंला पळाली. मी दारातनं वरडले, "हळू गं!" ती थांबली न्हाय.