बाबांच्या खोलीसाठी समुद्र

२ फेब्रुवारी, रविवार
बाबा येणार. आधी आठ दिवस. घर मानवलं तर कायमचे, नाहीतर ताईकडे. आई गेल्यापासून एकटे राहतात, परवा बाथरूममध्ये पाय घसरला. आता एकटं ठेवायचं नाही, यावर माझं आणि ताईचं एकमत. कोणाकडे, यावर नाही. ताईकडे बाग आहे, लिफ्ट आहे, आणि मुख्य म्हणजे ताई आहे. माझ्याकडे मागची खोली आहे. पण बाबा मला हवेत. अगदी मनापासून हवेत.

बाबांनी सव्वीस वर्षं जहाजावर नोकरी केली. तेव्हा मागच्या खोलीत समुद्र आणायचा! 'कोस्टल इंटिरिअर्स' या विषयावर लेख वाचला. आठ मिनिटांचा होता. विषय आता पूर्ण हातात आहे.

संकल्प : रंग एकदाच ठरवायचा. ठरला की बदलायचा नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार
शेडकार्ड आणलं. निळ्या-हिरव्याच्या एकशे चार छटा. ऑफिसात टेबलावर पसरलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, सगळे सारखेच दिसतात. अशा नजरेच्या माणसांना तक्रार विभागात का बसवतात कळत नाही. (मीही तक्रार विभागातच आहे, पण माझी गोष्ट वेगळी.)

'टाइड पूल' नक्की केला.

सायं. ७ : 'सीफोम' नक्की केला. हा बदल नाही, सुधारणा आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार
बाबांना फोन. समुद्राचा कोणता रंग सगळ्यात जास्त आठवतो, असं आडून आडून विचारलं. म्हणाले, मी खाली इंजिनात असायचो रे, मला कुठला दिसतोय समुद्र! किती नम्र माणूस. सव्वीस वर्षं पाण्यावर काढायची आणि वर हे.

बायको म्हणाली, खोलीला कोणता रंग हवा ते सरळ त्यांनाच विचार ना. सरप्राइज या कल्पनेशी तिचं कधी जमलंच नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
रंगारी आला. वयस्कर, मितभाषी, कानामागे पेन्सिल. याला शेडची नावं माहीत नाहीत. रंग जिथे मारला त्या जागेचं नाव सांगतो. सीफोम दाखवला. म्हणाला, दातांचा दवाखाना. टाइड पूल दाखवला. म्हणाला, शाळेची प्रयोगशाळा. मग मी 'लगून मिस्ट' दाखवला. फिकट, हिरवट, शांत, खोल. हा माझा हुकमाचा पत्ता. त्याने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, मशीनखोली. कारखान्यात मशिनींमागे हाच मारतात, डोळ्यांना त्रास नको म्हणून.

माणसाने आयुष्यात एक तरी लेख वाचावा.

९ फेब्रुवारी, रविवार
भिंतीवर अकरा ठिकाणी नमुने मारून बघितले. मुलगी (सातवी) म्हणाली, भिंतीला कांजिण्या आल्यात. दुर्लक्ष केलं. लगून मिस्ट. फायनल. मूळ संकल्पाला धरूनच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
दुसरा हात पूर्ण. काय खोली झालीये! बायकोला डोळे मिटायला लावून आत आणलं. डोळे उघडून म्हणाली, जरा कोंदट वाटतंय. खाऱ्या हवेची सवय नसली की असं होतं.

पॅसेजही रंगवायचा होता. रंग संपला. तिथे तोच जुना, मळका पांढरा, आणि मुलीच्या उंचीच्या पेन्सिलखुणा. नंतर बघू.

१५ फेब्रुवारी, शनिवार
रंग वाळला. जहाजात असतो तसा लोखंडी जाळीचा दिवा लावला. खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसते, सगळं वातावरण बिघडवते. जाड पडदा लावून टाकला. हवेसाठी माळ्यावरचा जुना स्टँडचा पंखा काढला. घरघरतो थोडा, पण डोळे मिटले तर थेट लाटा.

बायकोने डोळे मिटून ऐकलं. गिरणी, म्हणाली.

१६ फेब्रुवारी, रविवार
ताई बाबांना सोडून गेली. जाताना खोली बघितली आणि घाईघाईने चपला घातल्या. जळली असणार.

बाबा आत आले आणि एकदम थांबले. भिंतीकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, हात पँटला पुसले. मग मोठमोठ्याने बोलायला लागले. बॅग कुठे ठेवू, हेसुद्धा ओरडून विचारलं. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर, म्हणजे आवाजात, कधी पाहिला नव्हता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
बाबांनी घडीची कॉट पॅसेजमध्ये आणलीये. खोलीत झोप लागत नाही, दर चार तासांनी दचकून जाग येते म्हणे. गादी नवीन आहे, रुळेल. दिवसाही खोलीत जात नाहीत. सरप्राइज पचायला वेळ लागतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार
ताईचा फोन. रविवारी गाडी घेऊन येते म्हणाली. मी म्हटलं, ये की, जेवायलाच ये. म्हणाली, जेवायला नाही, बाबांना न्यायला. त्यांनीच बोलावलंय.

काहीतरी गैरसमज आहे. संकल्प : खोलीत एक शंख ठेवायचा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
शंख आणला. बायकोने तो माझ्या हातातून घेतला, मला खाली बसवलं आणि सांगितलं. बाबांनी हे तिला सांगितलंय, मला नाही. माझा हिरमोड होईल म्हणून.

इंजिनरूम याच रंगाची होती. हाच हिरवा, असेच जाळीचे दिवे, अशीच घरघर. खिडकी नाही. ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जायचं नाही. चार तास ड्युटी, मग झोप, मग परत चार तास. नोकरी सुटली त्या दिवशी बाबांनी आईला सांगितलं होतं, आपल्या घरात हिरवी भिंत नको. मी त्या घरात वाढलो. भिंती कोणत्या रंगाच्या होत्या, सांगता येणार नाही.

फार वाईट वाटलं. थोडा रंगाऱ्याचाही राग आला. मशीनखोली म्हणाला होता, पण तसं ठासून सांगायला नको?

२२ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. हातात शेडकार्ड होतं, सवयीने. विचारलं, बाबा, खोलीला कोणता रंग हवा? एवढं विचारायला मला वीस दिवस लागले.

बाबांनी कार्ड बाजूला सारलं. म्हणाले, आधी तो पडदा काढ.

काढला. पंखाही बंद केला. बाबांनी खुर्ची खिडकीशी ओढली. समोरची टाकी भरून वाहत होती, पंप बंद करायला कोणीतरी विसरलं होतं. भिंतीवरून पाणी खाली येत होतं आणि त्यावर ऊन पडलं होतं. बाबा अर्धा तास ते बघत बसले. मग ताईला फोन करून म्हणाले, उद्या नको येऊस, इथे बरं आहे.

मला रडू आलं. ते आवरून पुन्हा विचारलं, पण बाबा, रंग?

बाबा खिडकीकडची मान न वळवता म्हणाले, कोणताही मार. भिंतीकडे माझी पाठच असणार आहे.