खड्ड्यावरचा ओटा

१८ एप्रिल
टँकर आला नाही. करमाडकडच्या विहिरी आटल्या म्हणे. कॉलनीच्या मैदानातला हापशाचा बोअर गेल्या उन्हाळ्यातच गेला. त्याच्याभोवती ह्यांनी पुरुषभर खड्डा खणून घेतलाय. शेजारचे सलीमभाई सोबतीला. बोअरच्या पाइपला भोकं, तळाशी दगड, मग खडी, वर वाळू. गच्चीवरचं पावसाचं पाणी त्यात सोडायचं. बाकी घरं पाइप जोडू देत नाहीत. भिंत वाईट दिसते. आमचं घर आणि सलीमभाईंचं, एवढंच.
विचारलं, दोन घरांच्या पाण्यानं काय होणार? हे म्हणाले, चहा टाक.

२ ऑगस्ट
दुपारी जोराचा पाऊस. रस्त्यावरचं पाणी नाल्याकडे पळालं, नेहमीसारखं. आमच्या खड्ड्यातलं मात्र मुरत होतं. हे छत्रीशिवाय तिथं उभे. शेवटी सलीमभाईंनी दंडाला धरून घरी आणलं. "सांभाळा भाभी. आज भाईसाब पण मुरणार होते."

१९ जानेवारी
हापशाला पाणी लागलं. गढूळ, मग स्वच्छ. हंड्यांची रांग. कॉलनीच्या सेक्रेटरींनी ह्यांना शाल दिली.
जेवताना म्हणाले, वरच्या वाळूत गाळ बसतो. दर मे महिन्यात ती काढून चाळायची, नाहीतर पाणी आत जायचं नाही. तुला माहीत असलेलं बरं.

६ मार्च
हे गेले. सकाळी. चहा टाकला होता.

२ एप्रिल
पिशोर. बहिणीकडे. सगळे हळू बोलतात. वाचायला घेते, ओळी तशाच राहतात.

९ मे
घरी. वाळूसाठी धान्याची जुनी चाळण काढली.
मैदानात गेले. मैदान नाही. सगळीकडे सिमेंटचे ब्लॉक, फटीसुद्धा बुजवलेल्या. खड्ड्याच्या जागी ओटा. वर काळा कडप्पा, त्यावर ह्यांचं नाव. हापसा तेवढा ओट्यातून वर काढलाय.
सलीमभाई दारात आले, आत नाही आले. त्यांनी नको म्हटलं होतं. तर कुणीतरी विचारलं, तुम्हाला साहेबांच्या नावाची अडचण आहे का? मग ते तिथून निघून आले.

१० मे
ओट्याच्या उद्घाटनाला सगळे माझ्यासाठी थांबले होते. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, उघडा खड्डा बरा दिसत नव्हता. साहेबांना शोभेल असं केलं." डोळे भरले होते त्यांचे. खोटे नव्हते.
नारळ मी फोडला. पाणी कडप्प्यावरून ब्लॉकवर ओघळलं. तिथून उताराला लागलं.
बोलायला हवं होतं. त्या गर्दीत…

२७ जून
पाऊस. आमच्या दोन पाइपांचं पाणी ओट्यावर आपटून फाटकाबाहेर, तिथून नाल्यात. सलीमभाई आणि मी आपापल्या दारात. मग ते म्हणाले, "पाणी आलं, भाभी. दार बंद बघितलं, वापस गेलं."

३ जुलै
सेक्रेटरींकडे जाऊन आले. ओटा काढून खड्डा मोकळा करू द्या म्हटलं. त्यांना आधी कळेचना. आतलं सगळं तसंच ठेवलंय म्हणाले, वर नुसता स्लॅब. खूण म्हणून. मग, "वहिनी, नाव तुम्हीच फोडायला सांगता?" आतून त्यांच्या बायकोनं पाणी आणून दिलं. अर्धा पेला.
येताना ओट्यापाशी थांबले. तीन म्हातारे बसले होते. एकानं सरकून मला जागा दिली. ह्यांच्याबद्दल चांगलं बोलत होते.

१४ जुलै
उस्मानपुऱ्यातून भाजी आणली. तिकडंही नवा रस्ता, सिमेंटचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. इथून तिथून पाण्याला फक्त बाहेर घालवायचं.
हापशाला नुसती हवा. टँकरची रांग पुन्हा सुरू.

१६ जुलै
सलीमभाईंनी पहार आणून आमच्या दारामागे उभी केली.
"तुम्ही म्हणाल तेव्हा. पण पहिला घाव तुमचा. त्यांच्या नावावर पहिला हात माझा नको, भाभी. उद्या लोक दुसरंच बोलतील."
खरं आहे.
दुपारी ओट्यावर बसून आले. कडप्पा तापला होता. नाव खोल कोरलंय, त्यात बोट बसतं. खाली ह्यांनी एकेक निवडून लावलेले दगड. कोरडे असतील.
आता पश्चिमेला भरून आलंय. वारा पडला. पहार आणि चाळण दाराबाहेर काढून ठेवल्या आहेत.