रांगेतल्या गोळ्या

माय, शुक्रवारी मी नोकरीतून मोकळी होते आहे. औषधाच्या खिडकीमागे उभं राहून राहून माझे पाय आता तुझ्यासारखे सुजतात, म्हणजे वेळ झालीच होती. दवाखान्यात निरोपाचा कार्यक्रम ठेवला आहे, आणि माझ्या जागी येणारी पोरगी सकाळपासून मागे लागली आहे, मॅडम, तुमच्या आईचा तो रांगेतला किस्सा सांगाच. म्हणून तुला लिहायला बसले. तोंडानं मी अजूनही आपलं वऱ्हाडीच बोलते, पण हातात पेन आला की शाळेतलं मराठी उतरतं, त्याला इलाज नाही. तुला तर कोणतंच वाचता आलं नसतं. मामाची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे, आणि कोणाच्या आजारपणाचं काही आलं की ती ओळ हळूच सोडून द्यायचे. तू फुलांचे देठ खुडता खुडता, मान वर न करता म्हणायचीस, "आता सोडलेली ओय वाच." तुला कसं कळायचं, बाप्पा, हे मला अजून उमगलेलं नाही.

माझी नोकरी अकोल्याला लागली तेव्हा तू भातकुलीत घरोघरी पेढे वाटलेस, पण सरकारी दवाखान्यावर तुझा काडीचा विश्वास नव्हता. कसा असणार? बाबांना घेऊन तू अशाच एका दवाखान्यात दिवसभर रांगेत बसली होतीस. तुमचा नंबर आला तेव्हा औषध संपलं होतं. आणि तुमच्या मागून आलेला एक माणूस कोणाची तरी चिठ्ठी दाखवून तेच औषध तुझ्या डोळ्यांदेखत घेऊन गेला. महिनाभरात बाबा गेले. औषध मिळतं तर वाचले असते का, हे मी इतकं शिकूनही आज सांगू शकत नाही. तुझ्या मनात मात्र पक्कं बसलं की तिथं सगळं वशिल्यावर चालतं, रांगेतल्या माणसाला फक्त बसायला बाक मिळतो. बाजारात तुझ्याशेजारी फुलं विकणाऱ्या सगळ्या मैत्रिणींचं हेच मत होतं. अंगात ताप असला तरी त्या कोपऱ्यावरच्या खाजगी डॉक्टरकडून एक सुई टोचून घ्यायच्या आणि पुन्हा पाटीपाशी येऊन बसायच्या.

मग एक दिवस अमरावतीच्या बाजारात चक्कर येऊन तू शेवंतीच्या ढिगावरच आडवी झालीस. बीपी निघालं. मी अकोल्याहून, माझ्याच दवाखान्यातून, दर महिन्याला गोळ्या आणून देत होते आणि तू "खातो व बाई" म्हणत होतीस. दिवाळीला आले, चिवड्यासाठी डबा शोधला, तर डब्यात माझ्या सगळ्या पुड्या तशाच. मी चिडले. चांगलीच चिडले. मरायचंच असेल तर तसं सांग, असंही बोलून गेले. तू भांडली नाहीस, चुलीपुढचं लाकूड आत सारलंस आणि म्हणालीस, "वशिल्याची गोयी मले नोको. तुह्या बापाच्या वाटचं औषध असंच कोणाची तरी पोरगी घरी घेऊन गेली असन." मग रांगेत ये, मी म्हटलं. रांगेतल्याला कोण देतं, असं म्हणून तू भाकरी थापायला घेतलीस. त्या रात्री मी उपाशी झोपले. राग तुझ्यावर होता की स्वतःवर, कोण जाणे.

आणि तू आलीस. न सांगता, न कळवता, मूर्तिजापूरवरून जाणारी एसटी धरून. केसपेपर काढलास, डॉक्टरला दाखवलंस, आणि माझ्याच खिडकीसमोर बायकांच्या रांगेत उभी राहिलीस. मला हे सगळं संध्याकाळी कळलं. घरी येते तर तू माझ्या ओट्यावर मेथी निवडत बसलेली. पदराची गाठ सोडून तू एक पुडी माझ्या तळहातावर ठेवलीस. तिच्यावर माझ्याच हातानं ओढलेली एक रेघ होती, म्हणजे सकाळी एक. मी तोंड उघडणार तेवढ्यात तूच बोललीस.

"मले पाहून बी तू हसली नाई. 'सकायी एक, चला, पुढं सरका,' म्हणे. लय बरं केलं पोरी. जिथं सख्ख्या मायले बी रांगीतच ठेवतेत, तिथली गोयी मी खाईन."

मी म्हटलं, "ड्युटीवर होती ना व माय."

ते खोटं होतं. मी तुला पाहिलंच नव्हतं. सोमवारची गर्दी, खिडकीतून कागद आत यायचा, मी गोळ्या मोजायचे, पुडी बाहेर सरकवायचे, माझी मान खालीच. तुझा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. फुलांच्या दोऱ्यानं चिरलेली ती बोटं, ज्यांनी माझ्या वेण्या घातल्या, ती माझ्या समोरून पुडी उचलून गेली आणि मला कळलं नाही. कितीदा तरी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला आहे, काहीच आठवत नाही. इतर दिवसांसारखाच एक दिवस.

त्या संध्याकाळी सांगितलं असतं, पण तू तिथंच तांब्याभर पाणी मागून पहिली गोळी घेतलीस. खरं सांगून ती तुझ्या तोंडातून काढून घेऊ का? असं मी स्वतःला समजावलं. पुढे तू दर महिन्याला येत राहिलीस, रांगेतच, आणि मी दर वेळी तुला पाहायचे आणि मुद्दाम हसायचे नाही. तू पण नाही. बाहेर पडताना तेवढं वळून बघायचीस. बाजारात तू सगळ्यांना सांगितलंस, माही लेक मायची बी गय करत नाई. मग तुझ्या मैत्रिणी येऊ लागल्या, वलगावच्याही आल्या. जवळचा दवाखाना सोडून तेवढ्या लांब! तू त्यांना ताकीद दिली होतीस, माहं नाव सांगू नका, रांगीत उभ्या राहा. त्यामुळे कोण तुझी आणि कोण परकी हे मला कळेना, म्हणून मी प्रत्येकीच्या तोंडाकडे पाहू लागले. नाव विचारू लागले. गोळी कशी घ्यायची ते दोनदा सांगू लागले. लोक म्हणतात मॅडम स्वभावानंच चांगल्या आहेत. कुठल्या चांगल्या!

तू गेल्यावर सांगायला माणूसच उरलं नाही, आणि किस्सा तोवर दवाखानाभर झाला होता. आता खिडकीत कॉम्प्युटर आहे, टोकन आहे, गोळ्या पट्टीत येतात. तरी माझी शेजारीण परवा नवऱ्याला दाखवायला निघाली तेव्हा आधी माझ्या दारात आली, एक फोन करून द्या ना, ताई, वशिल्याबिगर कोण पाहते. मी नाही म्हटलं नाही, माय, पण फोनही केला नाही. तिच्यासोबत गेले आणि रांगेत उभी राहिले, दीड तास, आणि माझं लक्ष सारखं पुढच्या बायकांच्या पाठीकडे. तुझ्यासारखं हिरवं लुगडं दिसलं की जीव धावतो. तुझी इतकी आठवण येते की मला या वयात लाज वाटते.

शुक्रवारी किस्सा जसा घडला तसा सांगायचा, असं ठरवलं आहे. त्याआधी एकदा तुला सांगून पाहावं म्हणून हे लिहिलं. पण तू असतीस तरी हे पत्र तुला मीच वाचून दाखवलं असतं, आणि खरं सांगते, "मी तुला पाहिलंच नव्हतं" ही ओळ मी सोडून दिली असती. तू देठ खुडत राहिली असतीस, आणि मी तुझ्या बोलण्याची वाट पाहत बसले असते.