फक्त कुटुंबासाठी

नाशिक, ४ ऑक्टोबर १९९८

प्रिय किशोरी,

सप्रेम जय भीम, वि. वि. आईंचं खुब्याचं हाड जुळतंय, पण अजून माझ्याशिवाय कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. आमची सई आता मराठी बोलते, म्हणजे मी भूक लागली, इतपत.

आता खरं कारण. फोनवर बोलता येत नाही, आई शेजारीच असतात. आमच्या अल् घुब्र्याच्या बिल्डिंगमधली मैना रजेवर आली होती. चहा पिताना तिनं सहज विचारलं की मी मस्कतला कधी येऊन गेले, कारण दर शुक्रवारी आमच्या गॅलरीत साड्या वाळत असतात म्हणे. मी वर्षभर इथे आहे गं, तुझा दादा तिथे एकटा! मग तिकडे साड्या कुणाच्या? आपलेच दात, आपलेच ओठ, बोलू कुणाकडे?

भाऊ म्हणून पाठीशी घालू नकोस. न सांगता जा, आत बघ आणि असेल ते लिही.

लोभ आहेच, खरेपणाही असू दे.
तुझी रचनावहिनी

अल अमेरात, मस्कत, १७ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस,

सविनय जय भीम. काल शुक्रवार गाठून सुकटाची चटणी द्यायच्या निमित्ताने दादाकडे गेले. बेल वाजवली तर आतून घाबऱ्या आवाजात कोण, कोण, आणि मग बराच वेळ दारच उघडेना. शेवटी दादा आला तो बनियनवर, कोपरापर्यंत साबण. बादलीत तुमच्याच साड्या, तुम्ही कपाटात ठेवून गेलात त्या. दुसरं कुणी नाही हो, पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं!

भानगड अशी, की ती बिल्डिंग फक्त कुटुंबांसाठी आहे. एकटा पुरुष राहतोय असं कळलं तर मालक मुस्तफा भाडेकरार वाढवत नाही. म्हणून वॉचमन हुसैनमियाँला दिसाव्यात अशा बेताने हे ध्यान धुतलेल्याच साड्या पुन्हा भिजवून टांगतं. मी हसून हसून लोळले.

पण करार नोव्हेंबरअखेर संपतोय आणि मुस्तफा अर्बाबला संशय आलाच आहे. बायको समोर आणा, तर पुढच्या दोन वर्षांची सही, असं त्याने सांगितलंय. दादा तुम्हाला तिकीट पाठवतोय. रागावू नका.

तुमची माया अशीच राहो.
किशोरी

नाशिक, ३० ऑक्टोबर

अहो,

सप्रेम जय भीम. तिकीट पोचलं, परतीचंसुद्धा. आठ दिवसांचं. किशोरीनं सगळं कळवलं. घरात बाई नाही हे वाचून जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू!

पण तिकीट हातात घेतलं आणि पुन्हा मनात पाल चुकचुकली. वर्षभरात एकदाही ये म्हणाला नाहीत. सईच्या वाढदिवसाला नाही, मी टायफॉइडनं पडले तेव्हा नाही. विचारलं की व्हिसा, खर्च, आणि आईचं कोण बघणार. आता अर्बाबला दाखवायला बायको हवी, तर लगेच व्हिसा निघतो? तुम्हाला मी हवी आहे की घर? साड्यांऐवजी आता मला टांगणार का गॅलरीत?

येणार नाही असं म्हणत नाही. आधी उत्तर द्या, सरळ द्या.

उत्तराची वाट पाहणारी,
रचना

अल् घुब्रा, ११ नोव्हेंबर

प्रिय रचना,

जय भीम. तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. उत्तरं लिहिली आणि फाडली. घर आपल्यासाठीच राखत होतो, तू परत आलीस की सईची शाळा समोरच आहे, असं प्रत्येकात लिहिलं होतं. खरंच होतं ते. पण त्या तिकिटानंतर तू तरी ते का मानावंस?

काल मुस्तफाच्या ऑफिसात गेलो. माझी बायको वर्षभर भारतात आहे, मी एकटाच राहतो आणि साड्या मीच वाळत घालतो, असं सांगून टाकलं. तो हसला, कॉफी दिली आणि खलास, विषय संपला, म्हणाला. इथे फक्त कुटुंबंच राहतील असा दुसऱ्या भाडेकरूंना त्याने शब्द दिलाय, तो मोडता येणार नाही. महिनाअखेर किल्ली द्यायची आहे.

सामान किशोरीकडे हलवतोय. तिच्या हॉलमध्ये दोन गाद्या मावतात. तुझं परतीचं तिकीट बदलून आठ दिवसांऐवजी महिन्यानंतरचं केलंय. आईजवळ राहायला मावशी यायला तयार आहे, तिच्याशी मीच बोललो. हे वर्षापूर्वीच करायला हवं होतं. सईला पापा.

आता वाचवायला घर नाही आणि दाखवायला अर्बाब नाही. तरी बोलावतोय. ये.

तुझा,
प्रेमानंद