आतून कडी

वळ (भिवंडी),
ता. १८ नोव्हेंबर २००७

चि. क्षितिजा हिला बाबाचे भरभरून आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझी आय गुडघ्यानं कुरकुरत होती. अकलोलीच्या गरम कुंडात पाय बुडवून आली आणि आल्या आल्या माझ्याशी भांडली, म्हणजे बरी आहे. तुझ्या प्रितमदादानं नव्या गोदामाला शटर बसवलं. लूम चालू आहेत, लाईट जाते-येते.

नाक्यावरचं तुझं बॅनर उतरवलं. 'वळगावची पहिली फौजी लेक' असं लिहून राघोशेठनं स्वतःचा फोटो तुझ्यापेक्षा मोठा टाकला होता. तो चिडला. "केसरीनाथ, पोरगी ऑफिसर व्हनार, आन तू लपवतंस?" मी म्हटलं, "उन्हानं तुझं तोंड फिकं पडलं रे, म्हणून काढलं." लगेच पटलं त्याला.

दिवाळीच्या फोनवर तू एवढंच मागितलंस. बॅनर काढा. आणि मग आयला हळूच विचारलंस, "माझ्या खोलीला आतून कडी हाय का गं?" ती म्हणाली, "आपल्या घरात कडी कशाला, बाय?" तू गप्प झालीस. मी शेजारीच करंजी खात होतो. लूमच्या खडखडाटात एक धागा तुटला तरी बाबाला ऐकू येतो, असं लहानपणी तूच सगळ्यांना सांगायचीस. मग हे गप्प होणं मला ऐकू येणार नाही?

फोनवर तुझ्यामागे रांग असते, म्हणून लिहितो. तुमच्या फौजी अकादमीनं पालकांना, मुलींनी मनातलं बोलावं म्हणून ठेवलेल्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला होता. मी त्यांना फोन केला. तुला न विचारता केला.

आधी गोड बोललो, मग ओळखी सांगितल्या, मग आवाज चढवला. विजेच्या मीटरपासून आमदारापर्यंत माझी सगळी कामं अशीच झालीत. बाई शांत. "भोईर साहब, मेरे पास कौन आता है, कौन नहीं, ये मैं किसी को नहीं बताती. पिता को भी नहीं." शेवटी मी विचारलं, "मेरी बच्ची पे किसी ने हाथ डाला क्या?" त्या म्हणाल्या, "मैं हाँ भी नहीं कहूँगी, ना भी नहीं. हर पिता से यही कहती हूँ, पूछिए मत. कभी ख़ुद बताए, तो यक़ीन कीजिए."

पोरी, देवाशपथ, एवढंच बोलल्या. तू त्यांच्याकडे जातेस की नाही, मला अजून माहीत नाही. जात असशील तर माझ्या या फोनपायी जाणं सोडू नकोस. त्यांनी तोंड उघडलेलं नाही. मला जे कळलं ते त्या कडीनं कळलं. चूक कळलं असेल तर मला वेडा म्हण, मी वरातीत नाचावं तसा नाचेन.

बॅग भरून निघालोही होतो. आयला सांगितलं, सुरतला सूत बघायला जातो. कल्याण स्टेशनवरून परत आलो. तिथे येऊन गचांडी धरणार कुणाची? नाव ठाऊक नाही. माझ्या आरडाओरड्यानं साऱ्या अकादमीला नाव कळलं असतं ते फक्त तुझं. इतक्या ओळखी जोडल्या आयुष्यभर, आणि यातली एकही कामाची नाही.

तक्रार करायची की नाही, ते तू ठरव. राहायचं तर राहा. यायचं असेल तर नुसतं 'या' म्हण, गाडी काढतो. आयला मी काही बोललेलो नाही. पत्र मराठीत आहे, तरी वाचून फाडून टाक.

मार्चमध्ये तुझी परेड. साहेब लोक येतील, तुझ्याबरोबरची मुलं 'नमस्ते अंकल' म्हणत पुढे येतील. मी हसून सगळ्यांशी हात मिळवीन. त्यातल्या कुणाशी मिळवायचा नाही, एवढं फक्त...

नको. तेही सांगू नकोस.

रामनाथ सुतारानं कडी बसवली. पितळी, जाड. बाहेरून उघडत नाही. मी स्वतः खांदा लावून पाहिलं.

दाराच्या बाहेरच असलेला,
तुझा बाबा